भर उन्हात गाडी धुवायचीच असेल तर

उन्हात गाडी धुऊ नये, असं गाडी घेतल्या दिवसापासून सगळे सांगतात. बरोबरच सांगतात. पण सावलीतलं पार्किंग सगळ्यांच्या नशिबात नसतं. सोलापूरच्या आमच्या सोसायटीत चार इमारतींच्या मधलं उघडं मैदान म्हणजेच पार्किंग. बोअरची मोटर सकाळी साडेनऊला चालू होते, तोवर ऊन चांगलंच चढलेलं असतं. आणि मोकळा वेळ म्हणाल तर एक रविवार. ज्यांना पहाटे सहाला छपराखाली निवांत गाडी धुता येते त्यांनी जरूर तसंच करावं. हा लेख आमच्यासारख्यांसाठी आहे.

माझी गाडी गडद निळी. घेतल्यावर दोनच महिन्यांत मी ती माझ्या हाताने खराब केली. चुलतभावाचा साखरपुडा होता, अकराला निघायचं होतं. साडेनऊला पाइप लावला, अख्ख्या गाडीला फेस केला, अख्खी गाडी धुतली आणि ‘पोहे खाऊन येईपर्यंत निथळेल’ म्हणून वर गेलो. वीस मिनिटांनी खाली येतो तर बोनेटवर आणि टपावर पांढरे ठिपके, कुणी चुन्याचा कुंचला झटकून गेल्यासारखे. घाईत पंचा घेतला आणि कोरडाच घासला. ठिपके जरा फिके झाले, पण गेले नाहीत. वर बारीक गोल ओरखड्यांची जाळी उमटली, ती आजही तिरप्या उन्हात दिसते. आई गॅलरीतून बघत होती. म्हणाली, “अरे, स्टीलचे पेले धुऊन मी तसेच वाळत ठेवते का कधी? लगेच पुसते. नाहीतर डाग धरतात ते.”

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: जेवढं लगेच पुसता येईल तेवढंच भिजवायचं. खाली जे काही सांगितलंय ते या नियमाचेच फाटे आहेत.

ठिपका येतो कुठून

दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. साबणाला फेस धरत नाही, डाळ शिजता शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोंडाशी खडू जमतो, ही त्याची लक्षणं. पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट उरतो. गिझरमध्ये जे महिनोन्‌महिने चालतं, तेच तापलेल्या बोनेटवर दोन मिनिटांत होतं.

हिशेब करून बघा. पाण्यात लिटरमागे हजार मिलिग्रॅम क्षार असतील, तर गाडीवर एक लिटर पाणी वाळू दिलं की ग्रॅमभर भुकटी तुम्ही स्वतःच तिच्यावर पसरलीत. आणि पाणी पिण्याजोगं आहे म्हणून गाडी सुटत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० चं पाणी पोटाला चालेल, काळ्या गाडीला नाही.

ठिपका मधे फिका आणि कडेला गडद का दिसतो? थेंब कडेने आधी वाळतो. कडेचं पाणी उडालं की मधलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि जाताना क्षारही घेऊन जातं. म्हणून टिकलीऐवजी बांगडी उमटते.

इथे एका समजुतीचं काय ते बघून टाकू. थेंब भिंगासारखा काम करतो आणि रंग जाळतो, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबातून सूर्यकिरण एकवटतात खरे, पण ते जिथे एकवटतात ती जागा पत्र्याच्या खाली पडते, रंगावर नाही. झाडांच्या पानांबाबत हाच प्रश्न हंगेरीतल्या संशोधकांनी तपासला होता आणि २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळगुळीत पानावरच्या थेंबाने पान भाजत नाही, मात्र ज्या पानांवरची लव थेंबाला उचलून धरते तिथे भाजू शकतं, असं त्यांना दिसलं. गाडीला लव नसते. तेव्हा भिंगाची काळजी सोडा, क्षारांची करा.

आधी पाणी ओळखा

काळी किंवा गडद फरशी घ्या, नाहीतर जुन्या मोबाइलची काच. त्यावर घरात मिळतील त्या सगळ्या पाण्यांचा एकेक थेंब शेजारी शेजारी ठेवा: बोअर, नगरपालिकेचा नळ, आरओ, एसीच्या नळीतून ठिबकणारं. अर्धा तास उन्हात राहू द्या. कुठलं पाणी गाडीला चालेल हे त्या फरशीवरच दिसेल. आकडे हवे असतील तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. माझ्याकडची मोजणी, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये: बोअर ११००, आरओचं शुद्ध पाणी ७० च्या आसपास, एसीचं त्याहूनही कमी.

आता आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल. ‘ते फेकू नका, गाडी धुवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि पाणी वाचवायचा हेतू चांगलाच आहे. पण आरओ यंत्र पाण्यातले क्षार काढून ते याच वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीत ढकलतं. म्हणजे ते पाणी तुमच्या बोअरपेक्षाही जड. माझ्याकडे मीटर १८०० दाखवतो. ते टायर, मडगार्डच्या आतली बाजू आणि पायपुसण्या धुवायला वापरा. रंगावर शेवटचं पाणी म्हणून कधीही नको.

एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं बनलेलं असतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. धूळ मात्र असते, म्हणून जाड फडक्यातून गाळून घ्या. पावसाळ्यात पागोळीचं पाणी असंच कामाला येतं. पहिल्या सरीचं छपराची घाण घेऊन येतं, ते जाऊ द्यायचं. घरात पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर एक लक्षात घ्या: ते कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतं, त्यामुळे मीटरवरचा आकडा फारसा उतरत नाही. ठिपके पडतात, पण ओल्या फडक्याने निघून जातात. दगडासारखे चिकटत नाहीत.

ऊन कमी कसं करायचं

मे महिन्यात भर दुपारी इमारतीची सावली शोधत फिरू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरवर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबालासुद्धा सावली पडत नाही. बारा ते साडेतीन हा वेळ सरळ सोडा. त्या वेळी गडद रंगाचा पत्रा सहज ६० अंशांच्या वर जातो, आणि अशा पत्र्यावर मी खाली सांगतोय त्यातलं काहीही चालत नाही.

बाकी वेळी हाताची परीक्षा घ्या. हाताची मागची बाजू बोनेटवर ठेवा आणि मनात पाच अंक मोजा. हात टिकला तर सुरू करा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिनाची धग बोनेटला असतेच, अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून ठेवा. संध्याकाळी धुणाऱ्यांनीही हा हात ठेवावा. सूर्य मावळला म्हणून पत्रा निवला असं नसतं.

रोपवाटिकेत बांधतात ती हिरवी जाळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. एक टोक कुंपणाला, दुसरं दोन बांबूंना. नाहीतर जुनी चादर ओली करून पुढच्या भागावर धरली तरी चालते. पण ती पत्र्यापासून वर धरायची. धुळीच्या पत्र्यावर चादर घासली की काम वाढलंच.

सर्वांत चांगली सावली मात्र गाडी स्वतःच देते. सकाळी दहाला गाडी दक्षिणोत्तर उभी असेल तर तिची पश्चिमेची बाजू सावलीत असते. ती आधी धुवा. मग गाडी फिरवून तोंड उलटं करा. आता दुसरी बाजू सावलीत आली. दहा मिनिटं थांबा, पत्रा निवतो, मग ती धुवा. शेजारचे विचारतात, ‘काय हो, गाडी कुठे निघाली आणि लगेच परत?’ विचारू देत.

काय काय लागतं

दोन बादल्या, पंधरा-वीस लिटरच्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. शॅम्पू गाडीचाच घ्या. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, आणि भांड्यांचा साबण गाडीच्या रंगावर लावलेलं वॅक्स, म्हणजे मेणाचं पूट, उतरवून टाकतो. धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा. स्पंज नको, त्याच्या सपाट पोटाखाली वाळूचा कण सापडला की तो बोनेटभर फिरतो. पुसण्यासाठी दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल, साधारण साठ बाय नव्वद सेंटिमीटरचे, आणि पाच-सहा छोटे. चाकांसाठी वेगळी जुनी बादली आणि ब्रश. आणि एक-दोन लिटरची फवाऱ्याची बाटली, कुंडीतल्या झाडांवर फवारायला असते तशी. तिच्यात आरओचं शुद्ध किंवा एसीचं पाणी भरा.

ही बाटली म्हणजे या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगाची वस्तू. अख्खी गाडी आरओच्या पाण्याने धुणं परवडणारं नाही आणि बरंही नाही. पण शेवटचा हात तेवढा शुद्ध पाण्याचा फिरवायला तीन-चार लिटर पुरतात.

धुणं

१. चाकं आधी. एरवी चाकं शेवटी धुतली तरी चालतं, उन्हात नाही. कारण अंग धुऊन चाकांकडे वळलात की तेवढ्या वेळात वरचं वाळून जातं. रिमला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, तापलेल्या ब्रेकच्या चकतीवर गार पाणी ओतणं बरं नव्हे. चाकांची बादली आणि ब्रश पुन्हा गाडीच्या अंगाला लागता कामा नये, कारण ब्रेकची काळी भुकटी धातूची असते.

२. अख्खी गाडी भिजवू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. फेसाने माखलेली गाडी फोटोत छान दिसते. पण उन्हात तो फेस वाळतो आणि शॅम्पूचे ओघळही क्षारांसोबत चिकटून बसतात. ‘गाडी सारखी ओली ठेवा म्हणजे वाळणार नाही’ असंही सांगतात. मऊ पाणी असेल तर ठीक. बोअरच्या पाण्याने असं केलंत तर दर खेपेला नवा क्षाराचा थर देताय.

३. तुकडे पाडा. टप अर्धा-अर्धा, मग पुढची काच, बोनेट अर्धं-अर्धं, मग सावलीच्या बाजूचे दरवाजे एकेक करून. एका तुकड्याचं धुणं, खळखळणं, पुसणं तीन-चार मिनिटांत उरकायला हवं. ऊन कडक वाटलं तर तुकडा आणखी लहान करा. घाई करण्यापेक्षा ते बरं.

४. हात लावायच्या आधी धूळ वाहून जाऊ द्या. पाइपाची धार बारीक ठेवा आणि वरून खाली पाणी सोडा. पाइप नसेल तर मगाने. आमच्याकडची काळी माती बारीक असते, पण तिच्यात खडे असतातच, आणि ओरखडे पडतात ते याच एका पायरीचा कंटाळा केल्यावर.

५. हातमोजा शॅम्पूत बुडवा, सरळ रेघेत फिरवा. गोल गोल नाही. जोर अजिबात नाही, मोज्याचं वजन पुरे. तुकडा झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळखळा, पिळा, मग परत शॅम्पूत. दरवाजांचा खालचा अर्धा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी, घाण तिथेच जास्त असते.

६. खळखळताना पाइपाचं पुढचं नोझल काढा. उघड्या तोंडाने, हळू, तुकड्याच्या वरच्या कडेपासून पाणी सोडलं तर ते चादरीसारखं घसरत उतरतं आणि आपल्यासोबत बरंचसं पाणी ओढून नेतं. मागे थोडेच थेंब राहतात. फवारा मारलात तर हजार थेंब बसतात, आणि तुम्हाला हजार थेंब पुसावे लागतात.

७. लगेच बाटलीतलं शुद्ध पाणी त्या तुकड्यावर फवारा. थेंब न थेंब ओघळेल इतकं. बोअरचं पाणी खाली ढकललं जातं. आता राहिलेला एखादा थेंब वाळला तरी त्यात क्षार नावापुरतेच.

पुसणं, म्हणजे खरं काम

मोठा टॉवेल दोन्ही टोकांना धरून बोनेटवर अंथरा. गादीवर चादर टाकतो तसा. दाबू नका. दोन कोपरे धरून सावकाश आपल्याकडे ओढा. मायक्रोफायबरचे धागे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचे, केसाहून कितीतरी बारीक आणि चिरलेले असतात. त्या चिरांमध्ये पाणी आपसूक खेचलं जातं, तुम्हाला घासायची गरज राहत नाही. टॉवेल पुढे सरकेल तसा मागचा पत्रा बघा. ओलसर धुक्यासारखा पट्टा दिसेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत उडून जाईल. तो पट्टा चालतो. थेंब चालत नाही.

टॉवेल अगदी कोरडा असेल तर सुरुवातीला पाणी नीट ओढत नाही. शुद्ध पाण्याचे दोन फवारे त्यावर मारून घ्या. दरवाजांवर टॉवेल चार पदरी करून थोपटत जा. भिजून जड झाला की पिळायचा, नाहीतर दुसरा घ्यायचा. जड टॉवेल पाणी पुसत नाही, फक्त जागा बदलून देतो. पंचा, जुना बनियन, नातवाचं दुपटं यांपैकी काहीही कितीही मऊ लागलं तरी नको.

दुकानात ‘क्विक डिटेलर’ म्हणून फवारा मिळतो. ओल्या पत्र्यावर दोन फवारे मारून मग पुसलं तर टॉवेल सरकतोही छान आणि एखादा थेंब राहून गेला तरी तो घट्ट चिकटत नाही. नवख्याने ही एक बाटली घ्यायला हरकत नाही.

मग लपलेलं पाणी. सगळं झालं, हुश्श केलं, आणि पाच मिनिटांनी आरशाच्या खाचेतून एक ओघळ दरवाजावर उतरतो. आरसे, दरवाजाच्या मुठी, मागचे दिवे, पेट्रोलचं झाकण, नंबरप्लेटची वरची कड, अँटेनाचं बूड, काचेखालची रबरी पट्टी, या सगळ्या जागांत पाणी दडून बसतं. छोटा ब्लोअर असेल तर तो फिरवा. नसेल तर सोसायटीतल्या सोसायटीत एक चक्कर मारा, दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा. बाजू बदलायला गाडी फिरवता तेव्हा हे काम आपोआप होतं, म्हणूनच ती युक्ती मला आवडते. मग छोटं फडकं घेऊन एकेक खाच टिपा. दरवाजे आणि डिकी उघडून आतल्या कडा पुसा. काचा दोन बोटं खाली करून वरची धार पुसा.

काचेवर ठिपके वाळले तर ते रात्री समोरून दिव्यांचा झोत आला की दिसतात. म्हणून पुढच्या काचेला टपाइतकंच जपा. वायपर उभे करा, त्यांचं रबर ओल्या फडक्याने पुसा. वायपर परत ठेवताना हाताने टेकवा. तो काचेवर आपटला तर काच तडकू शकते.

पाणी कमी असेल तर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड जाहीर झाला. उन्हाळ्यात पाइप लावून गाडी धुणाऱ्याकडे लोक तिरक्या नजरेने बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘रिन्सलेस वॉश’. हे औषध पाण्यात मिसळायचं आणि नंतर साध्या पाण्याने खळखळायचं नाही. बऱ्याच बाटल्यांवर २५६ भाग पाण्याला एक भाग असं प्रमाण असतं, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला चाळीस मिली. अख्खी गाडी त्यात होते. उन्हासाठी मला ही पद्धत पाइपापेक्षा सरस वाटते, कारण पत्र्यावर मुळात पाणीच कमी पडतं.

तेच पाणी बाटलीत भरून एका तुकड्यावर फवारा, दहा-पंधरा सेकंद मळ सुटू द्या. मायक्रोफायबरचं फडकं चार पदरी करून भिजवा, एकाच दिशेने एकदा फिरवा, घडी पलटा. एका फडक्याला अशा आठ बाजू मिळतात. मळलेली बाजू पुन्हा गाडीला लावायची नाही. लगेच कोरड्या टॉवेलने पुसा. अट एवढीच की गाडीवर नुसती धूळ असावी. चिखल, वाळूचे थर, उसाच्या ट्रॉल्यांमागून आणलेला राडा असेल तर आधी पाण्याने उतरवल्याशिवाय हे करू नका.

तरीही ठिपके पडले तर

त्याच दिवशी दिसले तर शुद्ध पाण्याने किंवा क्विक डिटेलरने ओलं करा, पुसा. बहुतेक निघतात. कोरडं कधीही घासू नका. तो क्षार म्हणजे खडू आणि धूळ, तुमच्या पंच्याखाली तो पॉलिश पेपरचं काम करतो.

दोन-चार दिवसांचे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि शुद्ध पाणी सारख्या प्रमाणात मिसळा. कॅल्शियम कार्बोनेट सौम्य आम्लात विरघळतं. पण हे काम पत्रा पूर्ण गार असताना आणि सावलीतच, म्हणजे पहाटे नाहीतर रात्री. फडकं त्या पाण्यात भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर पसरून ठेवा, वाळू देऊ नका, पुसा, भरपूर पाण्याने धुवा, मग पुन्हा वर सांगितल्याप्रमाणे पुसा. त्या जागेचं वॅक्स जातं, ते परत लावावं लागतं. आणि खाली बघा: पार्किंगला शहाबादी किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगरचे ओघळ त्या फरशीलाही खातात. ती फरशीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटचीच. आमच्या वॉचमनच्या खोलीपुढच्या शहाबादीवर माझ्या प्रयोगाचा एक खरबरीत पट्टा अजून आहे.

बाथरूमची फरशी धुवायचं ॲसिड, टूथपेस्ट, अर्धं लिंबू कापून घासणं, रॉकेलचा बोळा, यांतलं काहीही नको. रॉकेलने गाडी तात्पुरती चमकते म्हणून लोक भुलतात. खडूवर रॉकेलचा काही परिणाम होत नाही, रबर मात्र खराब होतं.

व्हिनेगरनेही बांगड्या राहिल्या आणि बोट फिरवल्यावर खळगा जाणवला, तर क्षाराने वरचा पारदर्शक थर खाल्लाय. हा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा. तो मशीनने पॉलिश करून उतरवता येतो, पण दर खेपेला थोडा कायमचा जातो. ते काम जाणत्याकडून करून घ्या, आणि वर्षाला करायची गोष्ट म्हणून त्याकडे बघू नका.

रंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी झटकणारा थर, चढवलाय म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. त्या कोटिंगवर पाण्याचे गोल टपोरे मोती बनतात. ते वाऱ्याने घरंगळले तर उत्तम. उभ्या गाडीवर उन्हात राहिले तर पसरलेल्या पाण्यातले क्षार त्या मोत्यांत एकवटतात आणि ठिपका आणखी ठसठशीत उठतो. कोटिंगमुळे तो काढायला सोपा जातो, एवढा फायदा खरा.

शेवटी टॉवेल. मायक्रोफायबर सुती कपड्यांसोबत धुऊ नका, त्यांची लव त्याला चिकटते. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, ते धाग्यांच्या चिरा बुजवतं आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो. सौम्य द्रव साबण, गार पाणी, सावलीत वाळवणं. आणि बोअरच्या पाण्यात धुतलेला टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक लागत असेल, तर बोनेटवर पडले असते तेच क्षार आता त्याच्या धाग्यांत बसलेत. माझे दोन्ही मोठे टॉवेल मी शेवटी एसीच्या पाण्यात बुडवून पिळतो. त्यासाठी गॅलरीत एसीच्या नळीखाली एक बादली कायम ठेवलेली असते. आईने तिच्यातूनच तुळशीला पाणी घालायला सुरुवात केल्यापासून मी आता दोन ठेवतो.